कौटुंबिक मोटारीतील इंधन इंजेक्टर : कार्य, निगा व दोषनिदान

सारांश

इंजिनाला हादरे बसू लागले, गाडीचे ॲव्हरेज घसरले किंवा सकाळी इंजिन लवकर सुरू होईनासे झाले की इंजेक्टर खराब झाल्याचा निष्कर्ष अनेकदा घाईने काढला जातो. वस्तुतः इंजेक्टर हा टाकी, पंप, फिल्टर, संवेदक आणि विद्युतवाहिन्या यांच्या साखळीतील अखेरचा दुवा होय. साखळीतील कोणत्याही दुव्याचा दोष इंजेक्टरपाशीच दृग्गोचर होतो. प्रस्तुत लेखात छोट्या पेट्रोल मोटारीतील इंजेक्टरची रचना, त्यात दोष निर्माण होण्याची कारणे, करावयाची निगा आणि दोषनिदानाचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे. डिझेल मोटारींच्या संदर्भातील वेगळेपण व धोकेही शेवटी नोंदविले आहेत.

बीजशब्द : इंधन अंतःक्षेपण, इंजेक्टर, एमपीएफआय, मिसफायर, इंधन दाब, दोषनिदान.

१. प्रस्तावना

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने मोटार ही घराखालोखाल मोठ्या खर्चाची वस्तू होय. ती विकत घेताना कुटुंबातील सर्वांचा विचार घेतला जातो. परंतु तिच्या दुरुस्तीचा निर्णय मात्र बहुधा गॅरेजच्या दारात, दोन-चार मिनिटांत आणि अपुऱ्या माहितीवर होतो. कार्ब्युरेटरच्या काळात अनुभवी मेकॅनिक स्क्रू फिरवून, इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचे 'ट्यूनिंग' करीत असे. इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण आल्यानंतर हा स्क्रू गेला आणि त्याच्या जागी संगणक आला. दोष डोळ्यांना दिसेनासा झाला, तसा अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा प्रकार वाढीस लागला.

इंजेक्टर हा या अंदाजांचा वारंवार बळी ठरणारा भाग आहे. चार इंजेक्टर बदलूनही गाडीचे 'मिसिंग' तसेच राहते आणि मग दोष एखाद्या इग्निशन कॉइलमध्ये असल्याचे आढळते. यात पैशाचा अपव्यय तर होतोच, शिवाय मूळ दोष तसाच राहिल्याने इंजिनाचे इतर भागही बिघडू शकतात. म्हणून इंजेक्टर कसा दुरुस्त करावा या प्रश्नाच्या आधी, दोष इंजेक्टरचाच आहे हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

२. कार्ब्युरेटरकडून इंजेक्टरकडे

इंधन दाबाखाली फवारण्याची कल्पना प्रथम डिझेल इंजिनात स्थिरावली. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेल अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार लोकांसमोर आली. पेट्रोल मोटारींमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे युग खऱ्या अर्थाने १९६७ मध्ये, फोक्सवॅगन १६०० या मोटारीत बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली बसविण्यात आल्यानंतर सुरू झाले.

भारतात या बदलाला गती मिळाली ती प्रामुख्याने प्रदूषणविषयक नियमांमुळे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल पुरविले जाऊ लागले. त्याच वर्षी एप्रिलपासून 'इंडिया २०००' हे उत्सर्जन निकष लागू झाले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे निकष देशभर अमलात आले. भारत स्टेज चारच्या इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० पर्यंत चालत असे. भारत स्टेज सहामध्ये ते १० पर्यंत खाली आणण्यात आले. एवढ्या काटेकोर मर्यादेत राहण्यासाठी इंधनाचे मोजमापही तितकेच काटेकोर हवे, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. २००० च्या सुमारास मोटारींच्या मागील बाजूस अभिमानाने झळकणारी 'एमपीएफआय' ही अक्षरे याच स्थित्यंतराची खूण होती. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर असलेली प्रणाली होय.

३. इंजेक्टरची रचना व कार्य

पेट्रोल इंजेक्टर ही वस्तुतः विजेवर उघडझाप करणारी एक अतिशय सूक्ष्म झडप आहे. तिच्या वरच्या टोकाला बारीक जाळी, मध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी, आत स्प्रिंगने दाबून धरलेली सुई आणि खालच्या टोकाला सूक्ष्म छिद्रांचे तोंड असते. दोन्ही टोकांना रबरी ओ-रिंग असतात. वरची ओ-रिंग पेट्रोल बाहेर येऊ देत नाही, तर खालची ओ-रिंग बाहेरची हवा आत शिरू देत नाही.

टाकीतील विद्युतपंप पेट्रोल फिल्टरमधून इंधन-नळीत ढकलतो. एमपीएफआय प्रणालीत हा दाब साधारणपणे ३ ते ४ बार इतका असतो. इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजेच ईसीयू, गुंडाळीतून वीज सोडतो तेव्हा सुई वर उचलली जाते व पेट्रोलचा फवारा उडतो. वीज बंद होताच स्प्रिंग सुई खाली दाबते. तापलेले इंजिन आयडलिंगवर असताना इंजेक्टर प्रत्येक वेळी केवळ दोन ते तीन सहस्रांश सेकंद उघडा राहतो.

या मोजमापाची सूक्ष्मता एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. चार सिलिंडरची एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे, तिचे ॲव्हरेज लिटरला १५ किलोमीटर आहे आणि इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत आहे, असे मानू. या मोटारीला तासाला ४ लिटर पेट्रोल लागेल. चतुर्घाती इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक इंजेक्टर एकदा उघडतो. म्हणजे चार इंजेक्टर मिळून तासाभरात २ लाख ८८ हजार वेळा उघडतील. त्यामुळे प्रत्येक फवाऱ्यात सुमारे ०.०१४ मिलिलिटर पेट्रोल येते. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा मानला, तर हा फवारा थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान भरतो. अशा फवाऱ्याच्या मार्गात साचलेला केसाहून पातळ थरही परिणाम घडवू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखले जात आहे की नाही, हे एक्झॉस्टमधील ऑक्सिजन संवेदक ईसीयूला कळवितो. मिश्रण विरळ असल्याचा संकेत आला की ईसीयू इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. समृद्ध असल्याचा संकेत आला की वेळ कमी करतो. या वाढ-घटीच्या टक्केवारीस गॅरेजच्या भाषेत 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. दोषनिदानात तिचे महत्त्व मोठे आहे.

४. दोष निर्माण होण्याची कारणे

अ) राळेसारखा थर : गरम इंजिन बंद केल्यानंतर काही काळ इंजेक्टरच्या तोंडाचे तापमान वाढलेलेच राहते. तोंडाशी उरलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि जड घटकांचा चिकट थर मागे उरतो. वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या मारून बंद केल्या जाणाऱ्या मोटारीत हा थर लवकर साचतो. शाळा, बाजार आणि रेल्वे स्थानक एवढ्याच फेऱ्या करणारी घरची गाडी या दृष्टीने लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा अधिक दुर्दैवी म्हणावी लागेल.

आ) गळती : सुई पूर्ण बसली नाही तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल ठिबकत राहते. परिणामी गरम इंजिन पुन्हा सुरू होण्यास वेळ लागतो, पेट्रोलचा वास येतो व धूर काळसर होतो. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुतला जातो आणि इंजिन ऑइल पातळ होऊन झीज वाढते.

इ) विद्युत दोष : गुंडाळी तुटणे, जोडणीवर गंज चढणे, वायर कुरतडली जाणे हे यातील नेहमीचे प्रकार होत. कोकण किनारपट्टीच्या दमट व खारट हवेत जोडणीवरील गंज आणि पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर, या दोन्ही बाबी महाराष्ट्रातील मेकॅनिकच्या नित्य परिचयाच्या आहेत.

ई) ओ-रिंग कडक होणे : वरची ओ-रिंग तडकल्यास तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळते. हा दोष ॲव्हरेजचा नसून आगीचा आहे. पेट्रोलचा वास बॉनेटपाशी येत असल्यास गाडी चालवू नये.

उ) इंधनाची अशुद्धता : पावसाळ्यात टाकीत शिरलेले पाणी, जुन्या टाकीतील गंज आणि भेसळ यांचा येथे समावेश होतो. रॉकेलसारख्या जड पदार्थाच्या भेसळीने पेट्रोलचे ऑक्टेन मूल्य घटते व थर वाढतात. इंधन-भेसळ हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही, याची दारुण आठवण महाराष्ट्राला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशा गैरव्यवहाराची पाहणी करण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले होते.

ऊ) इथेनॉल मिश्रण : जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस प्रारंभ झाला. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांच्या आसवन्या या इथेनॉलच्या पुरवठादार आहेत. समान आकारमानाच्या पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमधील ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ॲव्हरेज काहीसे घटणे स्वाभाविक असून ते इंजेक्टरच्या बिघाडाचे लक्षण मानू नये. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या टाकीतील साचलेली घाण सोडविते. ही घाण मग फिल्टरकडे येते. जुन्या मोटारींतील काही रबरी भाग अधिक इथेनॉलशी सुसंगत नसतात. म्हणून आपली मोटार किती टक्के मिश्रणासाठी योग्य आहे हे वाहनासोबतच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

५. नित्य निगा

इंजेक्टरची निगा ही मुख्यतः त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या इंधनाची निगा असते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) टाकी वारंवार अगदी रिकामी होऊ देऊ नये. टाकीतील पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. शिवाय रिकाम्या जागेत दमट हवेतील पाणी साठण्यास वाव मिळतो. पाव टाकी उरली की पेट्रोल भरण्याची सवय हितावह ठरते.

२) इंधन फिल्टर बदलण्याची मुदत पुस्तिकेप्रमाणे पाळावी. जुन्या मोटारींत तो गाडीच्या खाली, तर पुष्कळ नव्या मोटारींत टाकीतच पंपासोबत असतो. मेकॅनिकला तो दिसत नाही म्हणून त्याचे अस्तित्व विसरले जाऊ नये.

३) विश्वासू व भरपूर विक्री असलेल्या पंपावर पेट्रोल भरावे व पावती जपून ठेवावी. शंका आल्यास फिल्टर पेपर चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावरून अल्पावधीत उडून जातो; मागे डाग राहिल्यास भेसळीचा संशय घेण्यास आधार मिळतो.

४) मोटार केवळ लहान फेऱ्यांसाठी वापरली जात असल्यास, अधूनमधून अर्धा-पाऊण तास महामार्गावर सलग चालवावी.

५) सीएनजीवरही चालणाऱ्या मोटारींत पेट्रोलचे इंजेक्टर बराच काळ निष्क्रिय राहतात व टाकीतील पेट्रोल जुने होते. त्यामुळे दर आठवड्यास काही किलोमीटर पेट्रोलवर चालविणे आणि टाकीतील पेट्रोल महिनोन्महिने पडून न देणे आवश्यक असते.

६) इंजिनावर जोरदार दाबाने पाणी मारून धुण्याचा मोह टाळावा. चकाकणाऱ्या इंजिनापेक्षा कोरड्या जोडण्या अधिक मोलाच्या असतात.

६. दोषनिदानाचा क्रम

दोषनिदानाचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल : आधी दोष सर्व सिलिंडरांत सामायिक आहे की एकाच सिलिंडरात आहे हे ठरवावे, नंतर स्वस्त व सोप्या भागाकडून महाग व अवघड भागाकडे जावे. हे एक सूत्र पाळले तरी पुष्कळसा अनाठायी खर्च वाचतो.

६.१ लक्षणांची नोंद

दोष थंड इंजिनात येतो की गरम. आयडलिंगवर येतो की चढावर. पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झाला की पावसानंतर, याची मालकाने नोंद करावी. पेट्रोल भरल्यानंतर काही किलोमीटरांतच सर्व सिलिंडर अडखळू लागले, तर संशय आधी इंधनावर घ्यावा. चारही इंजेक्टर एकाच सकाळी बिघडण्याची शक्यता फारच थोडी असते.

६.२ इशाऱ्याचा दिवा व दोषसंकेत

डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा स्थिर असल्यास मोटार सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असल्यास तीव्र मिसफायरचा इशारा समजून गाडी थांबवावी. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि तो महागडा भाग अतितापाने निकामी होऊ शकतो.

स्टिअरिंगखालील सोळा पिनांच्या जोडणीला स्कॅनर लावून दोषसंकेत वाचता येतात. त्यापूर्वी बॅटरी काढू नये. काढल्यास साठवलेली माहिती पुसली जाण्याची शक्यता असते. पी ०१७१ हा मिश्रण विरळ असल्याचा, पी ०१७२ समृद्ध असल्याचा, पी ०३०० अनेक सिलिंडरांतील मिसफायरचा, पी ०३०१ ते पी ०३०४ विशिष्ट सिलिंडरातील मिसफायरचा आणि पी ०२०१ ते पी ०२०४ विशिष्ट इंजेक्टरच्या विद्युतमंडलाचा संकेत होय.

येथे एक महत्त्वाची सावधगिरी बाळगावी लागते. दोषसंकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. ठिणगी न पडल्यामुळे एका सिलिंडरातील पेट्रोल जळलेच नाही, तर त्या सिलिंडरातील हवेतील ऑक्सिजनही न वापरता एक्झॉस्टमध्ये जातो. ऑक्सिजन संवेदकाला पेट्रोल मोजता येत नाही. तो फक्त ऑक्सिजन ओळखतो. म्हणून तो मिश्रण विरळ असल्याचे कळवितो. हा संकेत वाचून इंजेक्टर चोंदल्याचा निष्कर्ष काढला जातो आणि खराब प्लग मात्र जागच्या जागी राहतो.

६.३ सामायिक दोष

सर्व सिलिंडरांत दोष असल्यास प्रथम इंधन दाब मोजावा. दाब निर्मात्याने दिलेल्या मूल्यापेक्षा कमी असल्यास फिल्टर, पंप, दाब-नियामक व पंपाला मिळणारा विद्युतदाब तपासावा. इंजिन बंद केल्यानंतर दाब झपाट्याने उतरत असल्यास इंजेक्टर, नियामक किंवा पंपातील एकदिश झडप यांपैकी कोठेतरी गळती असते.

फ्युएल ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्के कमी-अधिक असल्यास सामान्यतः चिंतेचे कारण नसते. हवेच्या प्रवाहाचे थेट मोजमाप करणाऱ्या मोटारीत ती आयडलिंगवर खूप वाढलेली व इंजिन रेस केल्यावर सामान्य होत असेल, तर हवेची गळती संभवते. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचे अनुमान काढणाऱ्या मोटारींत हीच गळती बहुधा वाढलेल्या आयडलिंगच्या रूपाने प्रकट होते. याउलट भार वाढेल तशी ट्रिम वाढत गेली, तर इंधनाचा पुरवठा अपुरा पडत आहे असे समजावे. अशा वेळीही पंप व फिल्टर निर्दोष ठरल्यावरच इंजेक्टरांकडे वळावे.

६.४ एकाच सिलिंडराचा दोष

दोष एका सिलिंडरापुरता असल्यास प्लग, कॉइल वा प्लगची वायर, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन या चार शक्यता उरतात. प्लग काढून पाहिल्यास पहिला संकेत मिळतो. त्या सिलिंडरचा प्लग पेट्रोलने ओला असल्यास इंधन पोहोचत आहे, परंतु पेटत नाही. कोरडा असल्यास इंजेक्टरवरील संशय बळावतो.

अदलाबदलीची चाचणी ही सर्वांत विश्वासार्ह व जवळजवळ बिनखर्चाची आहे. समजा, प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असलेली एक दहा वर्षे जुनी चार सिलिंडरची मोटार सिग्नलपाशी थरथरते आणि स्कॅनर पी ०३०३ दाखवितो. तिसऱ्या व दुसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसांत बदलले. संकेत तोच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष ठरला. नंतर कॉइल बदलल्या आणि संकेत पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरात गेला. इंजेक्टरला हात लावण्याचे कारणच उरले नाही. संकेत तरीही तिसऱ्यावरच राहिला, तर कॉम्प्रेशन तपासून मग इंजेक्टरांची अदलाबदल करावी. दोष इंजेक्टरसोबत सरकला तरच इंजेक्टर दोषी ठरतो.

इंजेक्टर जागेवर असतानाही तीन तपासण्या करता येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाशी धरल्यास नियमित टकटक ऐकू येते; ती नसणे हे सुई हलत नसल्याचे लक्षण होय. हे करताना सैल कपडे व हात फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावेत. जोडणी काढून मल्टिमीटरने रोध मोजावा. आजच्या बहुतेक एमपीएफआय इंजेक्टरांत तो ११ ते १६ ओहमच्या आसपास असतो व सर्व इंजेक्टरांत जवळपास सारखा हवा. जोडणीत चाचणी-दिवा लावून इंजिन फिरविल्यास तो लुकलुकला पाहिजे. न लुकलुकल्यास दोष वायर, फ्यूज वा ईसीयूकडे शोधावा. इंजेक्टरला थेट बॅटरी जोडून ठेवण्याचा प्रकार मात्र टाळावा, कारण गुंडाळी जळू शकते.

७. सफाई, बदल व सुरक्षितता

थर सौम्य असल्यास पेट्रोलमध्ये मिसळावयाचे दर्जेदार शोधक द्रव्य उपयोगी पडते. पॉलिइथरअमीन वर्गातील द्रव्ये यासाठी परिणामकारक मानली जातात. तथापि, तुटलेली गुंडाळी, झिजलेली सुई किंवा तडकलेली ओ-रिंग कोणत्याही द्रव्याने बरी होत नाही. पूर्ण चोंदलेल्या इंजेक्टरातून द्रव्य जाणारच नाही, हेही उघड आहे.

इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक यंत्रात केलेली सफाई अधिक खात्रीची असते. तिचा खरा लाभ सफाईपेक्षा मोजमापात आहे. चाचणी-यंत्रावर सर्व इंजेक्टर सारखाच वेळ उघडून काचेच्या नळ्यांतील पेट्रोलची पातळी ताडून पाहता येते, फवाऱ्याचा आकार दिसतो आणि गळती कळते. ग्राहकाने सफाईपूर्वीचे व नंतरचे मोजमाप मागून घ्यावे. मोजमापाविना दिलेले सफाईचे बिल म्हणजे तपासणी अहवालाविना दिलेले औषध होय. इंजेक्टरचे तोंड टाचणी वा तारेने कधीही टोकरू नये. छिद्र किंचित विद्रूप झाले तरी फवारा कायमचा बिघडतो.

इंजेक्टर काढण्याचे काम प्रशिक्षित हातांनीच व्हावे. इंजिन थंड होऊ द्यावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवावा. मग बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. काम मोकळ्या हवेत, ज्योत व ठिणगीपासून दूर, अग्निशामक हाताशी ठेवून करावे. प्रत्येक वेळी नव्या ओ-रिंग वापराव्यात व त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावून बसवाव्यात. शेवटी इंजिन सुरू न करता केवळ किल्ली फिरवून पंप चालू करावा आणि कोठेही ओलावा नाही याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू करावे.

८. डिझेल व थेट अंतःक्षेपण

वरील विवेचन एमपीएफआय मोटारींना लागू पडते. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनांत दाब शंभर-दोनशे बार किंवा त्याहूनही अधिक असतो, तर १९९७ पासून प्रवासी मोटारींत आलेल्या कॉमन रेल डिझेल प्रणालीत तो हजार बारच्याही बराच वर जातो. नाशिक येथील कारखान्यात बॉश कंपनी डिझेल इंजेक्टरचे भाग अनेक दशके तयार करीत आली आहे. त्यांतील सुई व नॉझल यांच्यातील अंतर सहस्रांश मिलिमीटरांत मोजले जाते. अशा भागाची उघड्यावरील दुरुस्ती संभवत नाही.

यात जिवाचाही प्रश्न आहे. एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची तातडी असते. रुग्णालयात नेण्यास क्षणाचाही विलंब करू नये. इंजिन चालू असताना डिझेलची गळती बोटाने चाचपू नये व नळ्यांचे नट सैल करू नयेत. पुष्कळ कॉमन रेल इंजेक्टरांवर स्वतंत्र सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. अशा प्रणालीत नवा इंजेक्टर बसविल्यावर हा क्रमांक ईसीयूत नोंदवावा लागतो. अन्यथा नवा भाग असूनही इंजिन खडखडते. फिल्टरमधील पाणी वेळोवेळी काढणे ही डिझेल मोटारीची सर्वांत स्वस्त निगा होय. डिझेल मोटारीत चुकून पेट्रोल भरले गेल्यास किल्लीही न फिरविता टाकी रिकामी करून घ्यावी. डिझेलच्या वंगणावर चालणारा उच्चदाब पंप पेट्रोलने झिजतो आणि त्याचा कीस इंजेक्टरांत जातो.

९. निष्कर्ष

१) इंजेक्टरचे बहुसंख्य दोष हे इंधनाची शुद्धता, फिल्टरची मुदत, जोडण्यांचा कोरडेपणा आणि वाहन वापरण्याची पद्धत यांच्याशी निगडित असतात. त्यांवरील उपाय दुरुस्तीपेक्षा सवयीचे आहेत.

२) दोषसंकेत हा तपासाचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. मिश्रण विरळ असल्याचा संकेत ठिणगीच्या दोषामुळेही येऊ शकतो.

३) सामायिक दोष व एका सिलिंडराचा दोष यांतील भेद ओळखणे आणि अदलाबदलीची चाचणी करणे, ही दोन साधने महागड्या यंत्राविना पुष्कळ प्रकरणे निकालात काढतात.

४) पेट्रोलचा वास, लुकलुकणारा दिवा आणि उच्चदाबाच्या डिझेलची गळती या तीन बाबतींत काटकसरीचा विचार न करता गाडी तत्काळ थांबविणे हाच शहाणपणा होय.

मोटारमालकाने स्वतः मेकॅनिक होण्याची गरज नाही. दाब किती होता, मिसफायर कोणत्या सिलिंडरात होता आणि तो भाग बदलल्यावर दोष कोठे गेला, हे तीन प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत. प्रामाणिक मेकॅनिकला या प्रश्नांची उत्तरे देणे जड जात नाही. आणि ज्या दुरुस्तीपाशी ही उत्तरे नाहीत, तिच्यासाठी कुटुंबाने खिशात हात घालण्याची घाई करू नये.